वाचनालय गावाचं कसं करावं : खेड्यातल्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयासाठी पायरीपायरीने

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांबद्दलची एक गोष्ट पुष्कळ सभासदांनाही माहीत नसते. शासकीय विभागीय आणि जिल्हा ग्रंथालयं सोडली तर यातली बहुतेक ग्रंथालयं सरकारची नाहीत. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला, त्याखालच्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, परिरक्षण अनुदान, म्हणजे चालू खर्चासाठीची सरकारी मदत, सुरू झालं, तपासणीला ग्रंथालय संचालनालय आलं. मालकी मात्र लोकांच्या संस्थांकडेच राहिली. सभासद निवडणूक घेतात, कार्यकारी मंडळ नेमतात, वार्षिक सभेत हिशेब मंजूर करतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. त्याने २००५ आणि २०२१ चे दोन महापूर पाहिले, पुस्तकं गमावली आणि पुन्हा कपाटं भरली. सभासद आणि देणगीदार पाठीशी नसते तर हे झालं नसतं.

म्हणजे कागदावर वाचनालय गावाचंच आहे. व्यवहारात चित्र वेगळं दिसतं. मंडळातले पाच-सात जण, एक ग्रंथपाल, आणि बाकीचे सगळे पुस्तक नेणारे-आणणारे. कार्यक्रम ठरवतं मंडळ, पुस्तकं निवडतं मंडळ, सतरंजी घालतो शिपाई. माझ्या अनुभवात माणूस वाचनालयात येतो पुस्तकासाठी, पण टिकतो तिथलं एखादं काम त्याच्याकडे असलं की. एखादं कपाट, एखादा तास, एखादी पेटी, कपाटाची किल्ली. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी कुणाला तरी काहीतरी सोपवण्याची आहे. क आणि ब वर्गाचं, एक-दोन कर्मचाऱ्यांचं ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. सगळं करायला साधारण वर्ष धरा. घाई केली तर पहिल्या तीन महिन्यांत उत्साह संपतो, तेव्हा एका वेळी एकच पायरी घ्या.

पहिली पायरी : कोण येत नाही ते शोधा

सभासद नोंदवही काढा आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा घ्या. प्रत्येक सभासदासाठी त्याच्या आळीत, वाडीत, वस्तीत एक ठिपका द्या. दोन संध्याकाळींत हे काम होतं. नंतर ठिपके न पाहता रिकाम्या जागा पाहा.

बहुतेक गावांत रिकाम्या जागा ठरलेल्या असतात. वाचनालय ज्या आळीत आहे तिथे ठिपक्यांची गर्दी, आणि बौद्धवाडी, मुस्लिम मोहल्ला, धनगरवस्ती, पारधी वस्ती, गावाबाहेरची नवी घरं कोरी. वाचनालय देवळाच्या सभामंडपाला लागून असेल तर हे आणखी ठळक दिसतं. "आम्ही कुणाला अडवलेलं नाही," असं मंडळ म्हणतं, आणि ते खरंही असतं. पण ज्या ओट्यावर आजोबांना चढू दिलं नाही, त्या ओट्यावर नातू आपणहून चढेल ही अपेक्षा चुकीची आहे. बोलावणं आपण पाठवायचं असतं.

"त्या लोकांना वाचनाची आवड नाही," हे वाक्य मंडळाच्या बैठकीत कुणी उच्चारलं तर त्याला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेऊन जा. अंगावरच्या कपड्यानिशी आलेली माणसं तिथून पिशव्या भरून पुस्तकं नेतात. महाराष्ट्रात पुस्तकांची इतकी भुकेली गर्दी दुसरीकडे क्वचित दिसते. हे वाचक आपल्या गावात आहेत आणि आपल्या नोंदवहीत नाहीत, याचा अर्थ त्यांना हवं ते आपल्या कपाटात नाही, किंवा आपल्या दारात त्यांना मोकळं वाटत नाही. दोन्ही गोष्टी आपल्याच हातात आहेत.

रिकाम्या जागी जाताना फॉर्म घेऊन जाऊ नका. सर्वेक्षणाचे फॉर्म पाहून लोक कंटाळलेत. दोघांनी जायचं, त्यातली एक बाई असावी, आणि बसून तीनच गोष्टी विचारायच्या. घरात कोण काय वाचतं? (वर्तमानपत्र, पोथी, धम्माची पुस्तकं, मोबाईलवरच्या कथा, सगळं धरा.) वाचनालयात कधी आला होतात का, आणि पुन्हा का नाही आलात? तिथे तुमच्या कामाचं काय असावं? उत्तरं त्याच रात्री वहीत लिहा. मालेगावसारख्या ठिकाणी उर्दू पुस्तकं हवीत हे विचारल्याशिवायही कळतं, पण लहान गावात पंधरा उर्दू वाचक आहेत हे विचारल्यावरच कळतं. बांधकामावरच्या मजुरांना हिंदी वर्तमानपत्र हवं असतं. महिन्याला त्याचा खर्च मामुली, आणि ते टेबलावर दिसलं की चार नवी माणसं बाकावर बसतात.

यातूनच पहिलं सोपवणं करा. ग्रंथखरेदीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा, समजा पाचवा, अशा नव्या वाचकांनी निवडलेल्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. निवड त्यांची, यादीवर सही त्यांची. मंडळाने फक्त किंमत आणि बिल पाहायचं.

दुसरी पायरी : वेळ, दार आणि अनामत

किमान किती तास उघडं राहायचं हे वर्गानुसार नियमांत ठरलेलं आहे. ते तास कुठले हे बहुतेक ठिकाणी सवयीने ठरलेलं असतं, म्हणजे पेन्शनरांच्या सोयीने. सकाळी आठ ते अकरा मुलं शाळेच्या गडबडीत, बायका स्वयंपाकात, शेतकरी रानात. एक महिना दर तासाला किती जण आत आले याच्या रेघा वहीत ओढा. ज्या तासात तीनपेक्षा जास्त रेघा नाहीत, तो उचलून दुसरीकडे ठेवा.

आठवडे बाजाराचा दिवस तर दिवसभर उघडा ठेवायलाच हवा. आजूबाजूच्या दहा-वीस गावांची माणसं त्या दिवशी आपणहून तुमच्या दारावरून जातात. बाजार ते बाजार अशी पुस्तकाची मुदत ठेवली तर बाहेरगावच्या वाचकाला वेगळी फेरी पडत नाही. दारात पाण्याचा माठ, बसायला बाक आणि भाजीची पिशवी ठेवायला जागा असू द्या. साप्ताहिक सुट्टी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घ्या, म्हणजे ग्रंथपालावर अन्याय होणार नाही.

अनामत हा मोठा अडथळा आहे आणि मंडळांना तो दिसत नाही. आमच्याकडे रक्कम फार नाही असं आपण म्हणतो, पण रोजंदारीवरच्या घरात एकरकमी दिलेले पैसे जाणवतात. अनामत हप्त्याने घ्या, किंवा जुन्या सभासदाच्या हमीवर माफ करा. घरटी एक कार्ड द्या, त्यावर घरातल्या कुणीही पुस्तक न्यावं. बालविभागाला वर्गणी नकोच. मुक्तद्वार पद्धत अजून नसेल, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देत नसाल, तर आजपासून सुरू करा. चार पुस्तकं गहाळ होतील. बंद काचेमागे वर्षानुवर्षं न उघडलेली चारशे पुस्तकं असतातच, तीही एका अर्थी गहाळच आहेत.

तिसरी पायरी : मुलांच्या हातात कारभार द्या

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं मोकळी असतात. तो तास धरा. मुलांना वाचून दाखवायला गावातल्या आजी-आजोबांना बोलवा. निवृत्त शिक्षकच हवेत असं नाही. ज्यांना वाचता येत नाही पण गोष्ट सांगता येते अशा आजी जास्त चांगल्या. पाऊण तास पुरे. उपदेशाच्या गोष्टी टाळा, मुलं त्या शाळेत रोज ऐकतात.

दुसऱ्या महिन्यापासून बालविभागाची देवघेव मुलांकडे द्या. पाचवी ते आठवीतली चार मुलं, दर महिन्याला बदलणारी, त्यांत निम्म्या मुली. शिक्का मारणं, तारीख घालणं, दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) लिहिणं, परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं. शिक्क्याचं मुलांना फार अप्रूप असतं. ज्या मुलाने आठवडाभर शिक्का मारला ते मूल आपल्या मित्रांना ओढून आणतं. फलक लावून जमणार नाहीत इतकी मुलं या एका शिक्क्याने जमतात.

मुलांना दंड लावू नका. पुस्तक फाटलं तर महिन्यातून एकदा खळ, कापडी पट्टी आणि जुने कॅलेंडर घेऊन बसा आणि त्यांच्याकडूनच बांधून घ्या. फाटलेली पुस्तकं म्हणजे वाचलेली पुस्तकं, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही सांगता येतं. बाद करायच्या पुस्तकांचे नियम आहेतच.

चौथी पायरी : व्याख्यान कमी, गोल बसणं जास्त

व्याख्यानमाला ही आपली मोठी परंपरा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण व्याख्यानाला शंभर माणसं आली तरी ती एकमेकांशी बोलत नाहीत. पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषण, आभार, चहा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं हे घरी गेल्यावर आठवत नाही. वर्षाला चार व्याख्यानं होत असतील तर दोन करा आणि वाचलेल्या कष्टांतून एक वाचकगट उभा करा.

वाचकगट असा जमवा. आठ ते बारा माणसं. महिन्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, दीड तास. पंधरा दिवसांनी ठेवलं तर लग्नसराईत मोडतं, दोन महिन्यांनी ठेवलं तर विसरतं. खुर्च्या नकोत, सतरंजीवर गोल बसा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीला टेकून दोन खुर्च्या ठेवा. पहिले सहा महिने कादंबरी घेऊ नका, एकच कथा किंवा एकच लेख घ्या, आणि तो तिथेच मोठ्याने वाचा. वीस-पंचवीस मिनिटांत संपेल असा. घरून वाचून यायची अट घातली की कामाची माणसं गळतात आणि मास्तर मंडळी उरतात. मोठ्याने वाचलं की ज्याला अक्षर ओळखून वाचायला त्रास होतो तोही बरोबरीने बसतो.

वाचून झाल्यावर "लेखकाला काय म्हणायचं आहे?" हा प्रश्न विचारू नका. त्याने वर्ग भरल्यासारखं होतं. "यातल्या कुणाचा राग आला?" किंवा "आपल्या गावात असं घडलं असतं तर काय झालं असतं?" असं विचारा. पहिली पाच मिनिटं शांतता राहील. ती भरायची घाई करू नका. प्रत्येक बैठकीला संचालक, म्हणजे बैठक चालवणारा, बदला, आणि पुढच्या वेळी काय वाचायचं हे तोच ठरवेल असा नियम करा. जास्त बोलणारा एखादा असतोच. त्याला टिपणं लिहायचं काम द्या, लिहिताना तो ऐकतो.

शेतकऱ्यांचा, शिवणकाम करणाऱ्या बायकांचा, निवृत्त एसटी कर्मचाऱ्यांचा असे धंद्यावरून गट करण्याचा मोह होतो. सुरुवातीला माणसं जमवायला ते सोपं पडतं. पण ज्यांची एरवी गाठ पडत नाही त्यांची गाठ पडावी हा खरा हेतू आहे, तेव्हा तीन-चार महिन्यांत गट मिसळा.

पाचवी पायरी : बायकांची दुपार

दुपारी दोन ते चार हा वेळ घरच्या बाईचा असतो, आणि त्याच वेळी वाचनालय बंद असतं. आठवड्यातून एक दुपार फक्त बायकांसाठी उघडा. बचत गटांना महिन्याच्या बैठकीसाठी जागा द्या. कर्जाचा हिशेब झाला की अर्धा तास वाचन. हिशेबाला त्या येणारच असतात, त्यामुळे घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून पुस्तकं देण्याची चांगली पद्धत पुष्कळ ठिकाणी रुजली आहे. वाचनालयाने मात्र हळदीकुंकू म्हणून कार्यक्रम ठेवू नये, कारण गावात अजूनही विधवा बाई त्याला येत नाही किंवा तिला बोलवत नाहीत. तिळगूळ समारंभ म्हणा, सगळ्या बायकांना बोलवा, आणि बोलावणं द्यायला घरोघरी जा. पहिल्या वर्षी काही जणी कुरकुरतील. सांभाळून घ्या, पण माघार घेऊ नका.

स्वच्छ स्वच्छतागृह, आतून लागणारी कडी आणि दाराबाहेर दिवा या तीन गोष्टींशिवाय बायका आणि मुली टिकत नाहीत. देणगीदार पाटीसाठी खोली मागतो. त्याला सांगा की आम्हाला आधी स्वच्छतागृह हवं आहे, पाटी त्याच्याशेजारी लावू.

सहावी पायरी : अभ्यासिकेतली मुलं

आज तालुक्याच्या वाचनालयात सर्वांत जास्त वेळ कोण बसतं? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली. सकाळी येतात, रात्री जातात. स्वतःची पुस्तकं आणतात, कपाटाकडे पाहतही नाहीत. मंडळाला त्यांच्याकडून मासिक शुल्क मिळतं आणि मुलांना टेबल-पंखा मिळतो, एवढाच संबंध उरतो. ही गावातली सर्वांत शिकलेली, सर्वांत मोकळी आणि बहुधा सर्वांत एकटी माणसं आहेत. वय वाढत असतं, निकाल लागत नसतो, घरचे विचारत असतात. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर त्यांच्याकडे काहीतरी मागा.

आठवड्याला एक तास मागा, आणि त्याबदल्यात शुल्कात सवलत द्या. त्या तासात शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांना गणित शिकवायचं, किंवा मदत टेबलावर बसायचं. मदत टेबल म्हणजे बाजाराच्या दिवशी दारातलं एक टेबल, जिथे महाडीबीटीचा (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावरचा) अर्ज, पीकविम्याची नोंद, दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रं, डिजिलॉकर अशा कामांत मदत मिळते. सायबर कॅफेवाल्याच्या पोटावर पाय आणू नका, छपाई त्याच्याकडेच पाठवा. आपण फक्त समजावून सांगायचं.

इथे काही नियम भिंतीवर लिहून लावा. ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा. आधार कार्डाची प्रत किंवा फोटो वाचनालयात किंवा मदतनिसाच्या मोबाईलमध्ये ठेवायचा नाही. पासवर्ड लिहून घ्यायचा नाही. काम झाल्यावर पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नको. एकदा विश्वास गेला की मदत टेबलच काय, वाचनालयही बदनाम होतं.

आणखी एक काम त्यांच्याकडे देता येतं आणि ते फारसं कुणी करत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दृष्टिहीन आणि इतर अपंग वाचकांसाठी, नफा न घेता, पुस्तक ऐकण्याच्या किंवा ब्रेलसारख्या रूपात तयार करायला परवानगी आहे. चांगला आवाज असलेली दोन-तीन मुलं रात्री शांततेत मोबाईलवर पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करू शकतात. ते फक्त अशा वाचकांनाच द्यायचं, व्हॉट्सअॅप गटांत फिरवायचं नाही. तालुक्यातल्या दृष्टिहीन माणसांची घरं गावाला माहीत असतात. ध्वनिमुद्रण घेऊन स्वतः जा आणि पुढचं पुस्तक कुठलं हवं ते विचारून या. आपण थकलेल्या नजरेच्या म्हाताऱ्यांबद्दल बोलतो, पण त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातली पुस्तकंसुद्धा वेगळी काढून ठेवत नाही. तेवढं तरी एका दुपारी होण्यासारखं आहे.

सातवी पायरी : पेटी वाडीवर पाठवा

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने गटागटांत बदलते. या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. जी गोष्ट संस्थानाला जमली आणि समुद्रापार जमली, ती पाच किलोमीटरवरच्या वाडीसाठी जमायला हरकत नाही.

पेटीत चाळीस पुस्तकं पुरे. पंधरा मुलांची, दहा कथा-कादंबऱ्या, पाच शेती-आरोग्य-कायद्याची, पाच संतसाहित्य किंवा धम्माची, आणि पाच त्या वाडीने मागितलेली. पत्र्याची ट्रंक वापरा, पुठ्ठ्याचं खोकं पावसाळ्यात भिजतं. झाकणाच्या आत पुस्तकांची यादी चिकटवा. सोबत एक शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन.

पेटी कुणाकडे ठेवायची यावर सगळं अवलंबून आहे. अंगणवाडीताई आणि आशाताईंचं नाव पहिलं सुचतं. त्यांच्यावर आधीच इतकी कामं आहेत की आणखी एक लादू नये. सरपंचाच्या घरी ठेवली तर दुसऱ्या गटाची माणसं येत नाहीत. पिठाची गिरणी ही माझ्या मते सर्वांत चांगली जागा. दळण होईपर्यंत सगळ्या घरांतली माणसं तिथे थांबतात, कुणाला कारण विचारलं जात नाही. पीठ उडतं, म्हणून ट्रंकेचं झाकण लावायची सवय लावा. शिवणकाम करणारी बाई, केशकर्तनालय, दूध संकलन केंद्र हेही चालतं.

दोन-तीन महिन्यांनी पेटी बदला आणि बदलायला रिकाम्या हाताने जाऊ नका. पेटी सांभाळणाऱ्याबरोबर वही उघडा, कुठलं पुस्तक कुणी नेलं पाहा, आणि पुढची निवड त्यालाच करायला लावा. पेटीतल्या चार-पाच पुस्तकांची घट गृहीत धरा आणि तसा ठराव मंडळात आधीच करून ठेवा. नाहीतर पहिल्या हरवलेल्या पुस्तकाला वसुलीचं पत्र जातं आणि वाडी कायमची तुटते.

साखर कारखान्याचा पट्टा असेल तर हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर एक पेटी हवीच. दिवाळीनंतरचे चार-पाच महिने ती मुलं आई-बापाबरोबर फडात असतात, शाळेपासून तुटलेली. तिथे पेटी ठेवून भागत नाही. संध्याकाळी कुणीतरी बसून वाचावं लागतं. अभ्यासिकेतली मुलं हे आनंदाने करतात, जायला गाडी आणि परत यायला उजेड एवढी सोय मंडळाने करावी.

आठवी पायरी : गावाची आठवण जपा

बाजारात मिळणारी पुस्तकं कुणीही विकत घेऊ शकतं. तुमच्या गावाच्या जत्रेची १९६० सालची पत्रिका फक्त तुमच्याच वाचनालयात असू शकते. एक कपाट रिकामं करा आणि गावाकडून जुने कागद मागा. नाटक मंडळींची हँडबिलं, शाळेच्या स्मरणिका, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, दुष्काळी कामांचे फोटो, कुस्त्यांच्या फडाची पत्रकं, लग्नपत्रिका. मूळ प्रत द्यायला लोक धजत नाहीत. मोबाईलने नीट उजेडात फोटो काढा, मूळ कागद त्याच दिवशी परत करा, आणि मागे नाव, साल, कोण-कुठे लिहून घ्या. फोटोतली माणसं ओळखायला वृद्धांना बोलवा. या एका कामासाठी अशी माणसं पायऱ्या चढून येतात, ज्यांनी वाचनालय बाहेरूनच पाहिलेलं असतं.

आवाजही जपा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या नोंदल्या गेल्या. ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं त्यांनी केवढं काव्य सांभाळून ठेवलं होतं, ते त्यामुळे दिसलं. तुमच्या गावातल्या सत्तरीच्या आजींकडे पन्नास ओव्या नक्की असतील. घरी जाऊन, परवानगी घेऊन, त्यांच्या नावासह नोंदवा. ध्वनिमुद्रण जगजाहीर करायचं की वाचनालयापुरतं ठेवायचं हे त्या ठरवतील. भांडणं, जमिनीचे वाद, कुणाच्या घरची उणीदुणी यात आली तर तो भाग बाजूला ठेवा.

२६ जानेवारीला किंवा जत्रेत या कागदांचं प्रदर्शन भरवा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १२ ऑगस्टची ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची जयंती हे दिवस आपण साजरे करतोच. त्या दिवशी प्रतिमेला हार घालून फोटो वर पाठवण्याऐवजी गावातल्या कुणाचा तरी संग्रह मांडला तर दिवस सार्थकी लागेल.

नववी पायरी : ग्रंथपाल, पैसा आणि राजकारण

वरची सगळी कामं ग्रंथपालाच्या डोक्यावर टाकून मंडळ मोकळं झालं तर तो अन्याय आहे. अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांना मिळणारं मानधन किती तुटपुंजं आहे हे आपण सगळे जाणतो, आणि तेही वेळेवर येत नाही. नवा उपक्रम घेताना दोन प्रश्न विचारा : हे कोणता स्वयंसेवक करणार? ग्रंथपालाचं कुठलं काम त्यामुळे कमी होणार? दुसऱ्याचं उत्तर नसेल तर थांबा. दाखल नोंदवही संगणकावर चढवणं हे अभ्यासिकेतल्या मुलांना देता येतं. 'कोहा' ही ग्रंथालय प्रणाली विनाशुल्क मिळते, आणि ती नीट बसवली की रोजची देवघेव हलकी होते.

पैशासाठी मोठ्या देणगीदारापेक्षा लहान वर्गण्यांवर भर द्या. दिवाळी अंकांची योजना बहुतेक वाचनालयं चालवतात. त्यात एक वाढ करा : वर्गणीदाराने दहा-वीस रुपये जास्त द्यायचे आणि त्यातून वाडीच्या पेटीत दिवाळी अंक जातील. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी साहाय्य मिळू शकतं. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत कसा करायचा ते त्यांच्या कार्यालयात विचारा. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावा, मोठ्या अक्षरात, एका पानावर. कोण किती खातंय ही कुजबुज त्याने थांबते आणि देणगीही वाढते.

राजकारणाबद्दल स्पष्ट ठराव आधीच करा. वाचनालयाच्या दर्शनी भागात कुठल्याही पक्षाचा, हयात नेत्याचा फलक लागणार नाही. आमदार निधीतून खोली आली तर कोनशिला लागेल, वाढदिवसाचा फलक नाही. सभागृह सगळ्यांना एकाच दराने मिळेल. हा ठराव निवडणुकीच्या वर्षात करायला गेलात तर तो कुणाविरुद्ध तरी वाटतो, म्हणून शांत वर्षात करून ठेवा.

दहावी पायरी : मोजणी आणि वार्षिक सभा

तपासणीसाठी सभासदसंख्या, ग्रंथसंख्या आणि देवघेव मोजावीच लागते. त्याशिवाय एका साध्या वहीत महिन्याला तीन आकडे लिहा : या महिन्यात पहिल्यांदा आत आलेली माणसं किती, पुस्तक न नेता नुसती बसून गेलेली किती, आणि वाचनालयाचं एखादं ठरलेलं काम ज्यांच्याकडे आहे अशी माणसं किती. मी स्वतः तिसऱ्या आकड्याकडे सर्वांत जास्त लक्ष देतो. वर्षाच्या सुरुवातीला तो सात असेल, म्हणजे मंडळ. वर्षाअखेरीस शिक्का मारणारी मुलं, गोष्ट सांगणाऱ्या आजी, गिरणीवाले, मदत टेबलावरची मुलं, वाचकगटाचे संचालक धरून तो चाळीसच्या पुढे जायला हवा. गेला नाही तर उपक्रम कितीही झाले असले तरी काम मंडळच करतंय, असं समजा आणि सोपवायचं काय राहिलं ते शोधा.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना फलकावर लावून आणि वर्तमानपत्रात छापून थांबू नका. ती प्रत्येक पेटीतून वाडीवर पाठवा, बाजाराच्या दिवशी मदत टेबलावर ठेवा, बायकांच्या दुपारी वाचून दाखवा. गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेसे सभासद नाहीत म्हणून, सभा तहकूब करून अर्ध्या तासाने आटोपण्याची सवय मोडा. अहवाल कार्यवाहाने एकट्याने वाचू नये. पेटीचा अहवाल पेटी सांभाळणाऱ्याने द्यावा, बालविभागाचा आठवीतल्या मुलीने. ज्यांनी वर्षभर काम केलं आणि जे अजून सभासद नाहीत, त्यांची सभासदत्वाची पावती सभेच्या बऱ्याच आधी फाडा. किती दिवस आधी सभासद झालं की मताचा अधिकार मिळतो हे तुमच्या घटनेत लिहिलेलं असतं. घटनेची प्रत कपाटातून काढून आत्ताच ते कलम वाचा, आणि मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत गिरणीवाल्याचा, त्या मदत टेबलावरच्या मुलीचा अर्ज भरायला तुम्हीच सूचक व्हा.